थ्रिप्सवर औषध चालेना: फवारणी चुकली की किडीची जनुकं बदलली, हे कसं ओळखायचं

जानेवारी लागला की निफाड, चांदवड, येवला, कळवण पट्ट्यातून एकच तक्रार सुरू होते. उन्हाळ कांद्याला तीन-चार फवारे झाले, दर वेळी नवा डबा आणला, तरी पातीवरचे पांढरे चट्टे वाढतच चाललेत. दिंडोरीकडे द्राक्षाच्या नव्या फुटीवर तीच रड, आणि मिरचीवाल्याची तर बारमाही. ज्या औषधानं पहिल्या वर्षी दोन दिवसांत रान साफ केलं होतं, त्याच औषधाला आता थ्रिप्स (फुलकिडे) दाद देत नाहीत. दुकानात गेलं की उत्तरं ठरलेली असतात: डोस वाढवा, दोन औषधं मिसळा, नाहीतर हे नवीन आलंय ते न्या. कधी कधी तेवढ्यापुरता फरक पडतोही, पण पुढच्या हंगामाची अडचण त्यातूनच वाढते.

'थ्रिप्स रेझिस्टंट झाले', म्हणजे औषधाला प्रतिकारक झाले, हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. प्लॉटवर बोलावणं आलं की मी आधी बाकीच्या शक्यता मोडीत काढतो, कारण निम्मा घोळ पाण्यात, नोझलमध्ये आणि वेळेत असतो. मात्र उरलेला घोळ खरोखर किडीच्या जनुकांतला असतो, आणि तो ओळखला नाही तर पुढचा सगळा खर्च मातीत जातो. म्हणून दोन्ही बाजू सविस्तर लिहितोय.

आधी कीड कोणती ते बघा

थ्रिप्स म्हणजे एकच कीड नव्हे. कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी. द्राक्ष, मिरची, डाळिंब, आंबा, गुलाब यांवर मुख्यतः सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. मिरचीच्या फुलात गर्दी करणारे काळपट थ्रिप्स दिसले तर थ्रिप्स पार्विस्पायनसचा संशय घ्यायचा. ही जात आपल्याकडे बाहेरून आली आणि २०२१ मध्ये तेलंगणा-आंध्रच्या मिरचीत तिनं हाहाकार केला.

हे कशाला बघायचं? कारण वेगवेगळ्या जातींत प्रतिकाराची जनुकं एकीकडून दुसरीकडे जात नाहीत. शेजारच्या कांद्यात एखादं औषध फेल गेलं म्हणून ते तुमच्या द्राक्षातही फेल जाईल असं नाही. उलट मिरची, गुलाबाचं पॉलिहाऊस आणि द्राक्षबाग एकाच शिवारात असेल, तर मिरचीवर मारलेल्या औषधाचे परिणाम बागेपर्यंत पोहोचतात, कारण तिथे कीड एकच आहे. आपल्याकडे बांधाला बांध लागून ही पिकं आहेत, त्यामुळे हा मुद्दा नाशिकला जास्तच लागू पडतो.

जे रेझिस्टन्ससारखं दिसतं पण नसतं

थ्रिप्सची मादी अंडी पानाच्या आत घालते. पिल्लं मोठी झाली की कोष अवस्थेसाठी जमिनीत जातात. म्हणजे फवारणीच्या दिवशी पानावर जेवढी कीड आहे तेवढीच औषधाच्या तडाख्यात येते. पानातली अंडी आणि मातीतले कोष सुखरूप राहतात. पाच-सहा दिवसांनी नवी पिल्लं दिसली की आपण म्हणतो औषध बसलं नाही. खरं तर औषध बसलेलं असतं, दिसते ती नंतर निघालेली कीड असते.

कांद्यात थ्रिप्स पोग्यात, दोन पातींच्या बेचक्यात बसतात. पात उभी, गुळगुळीत, मेणचट. द्रावण पातीला चिकटवणारं स्टिकर नसेल तर ते थेंबाथेंबानं घरंगळून मातीत जातं. दुपारच्या उन्हात घाईघाईनं वरून फवारा मारला तर बेचक्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. फवारणीनंतर लगेच दोन-चार रोपं उपटून पात फाकवून बघा. आत ओल दिसत नसेल तर जनुकांकडे बोट दाखवायचं कारण नाही.

पाण्याचा पीएच मोजा. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर प्रोफेनोफॉस, डायमेथोएटसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं टाकीतच विघटित व्हायला लागतात. द्रावण करून टाकी तासन् तास उभी ठेवली तर नुकसान आणखी. याशिवाय मुदत संपलेला माल, बिलाविना घेतलेला स्वस्त डबा, झिजलेलं नोझल ही नेहमीची मंडळी आहेतच.

आणि शेजारी. शेजारचा कांदा काढणीला आला, पात वाळली, की तिथले पंखवाले थ्रिप्स तुमच्या हिरव्या प्लॉटवर येतात. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी रान पुन्हा भरलेलं दिसतं.

मग खरं-खोटं कसं करायचं? दहापट भिंग घ्या आणि फवारणीनंतर ४८ तासांनी, जिथे द्रावण नक्की लागलं होतं अशाच रोपांवर, पिल्लं बघा. प्रौढ बघू नका, ते उडून आलेले असू शकतात. पिल्लांना पंख नसतात, म्हणजे ती तिथलीच. त्यातही अगदी बारीक, पांढुरकी पिल्लं सोडून द्या, ती कदाचित कालच अंड्यातून निघाली असतील. मोठी, पिवळसर, चपळ पिल्लं शोधा. ती फवारणीच्या दिवशी पातीवरच होती, औषध त्यांच्या अंगावर पडलं, त्यांनी तीच पात खरवडून खाल्ली, आणि तरी ती जिवंत आहेत. अशी पिल्लं तुरळक असतील तर काळजी नाही. ओल लागलेल्या प्रत्येक रोपावर सापडत असतील तर संशय पक्का धरून पुढची चाचणी करा.

घरच्या घरी चाचणी

लागतं ते सगळं घरात मिळतं. झाकणाचे प्लॅस्टिकचे छोटे डबे, टिश्यू पेपर, मऊ ब्रश, मोजमापाचं सिरिंज. फवारणी न झालेल्या पातीचे तुकडे कापा. एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात लेबलवरच्या मात्रेनं केलेलं संशयित औषधाचं द्रावण, तिसऱ्यात वेगळ्या गटातलं औषध. सगळ्यांत स्टिकर सारखाच, पाण्यातसुद्धा. हातमोजे घाला. तुकडे दहा सेकंद बुडवून सावलीत पूर्ण वाळवा, डब्यात टिश्यूवर ठेवा, ब्रशनं मोठी पिल्लं सोडा. प्रत्येक औषधाला निदान तीसेक पिल्लं हवीत, ती दोन-तीन डब्यांत विभागली तर उत्तम. तोंडाला टिश्यू ताणून मग भोक पाडलेलं झाकण लावा, नाहीतर सगळी निसटतात. डबे सावलीत ठेवा.

४८ तासांनी मोजायचं. ब्रशनं हळूच डिवचल्यावर जे हलत नाही ते मेलेलं धरायचं. पाण्याच्या डब्यातही काही मरतातच, हाताळणीनं, उपासमारीनं. ती मर वजा करायची रीत अॅबट या शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये दिली आणि आजही प्रयोगशाळांत तीच वापरतात. समजा पाण्यात १० टक्के मेली आणि औषधात ४० टक्के. चाळीसमधून दहा वजा, उरले ३०. शंभरमधून दहा वजा, उरले ९०. तिसाला नव्वदनं भागून शंभरनं गुणलं की ३३ टक्के. म्हणजे औषधाची खरी करामत फक्त तेहतीस टक्के. पाण्यातच वीस टक्क्यांच्या वर मेली तर चाचणी रद्द करून पुन्हा करा.

सोबत एक तुलना मिळाली तर फारच चांगलं: परसातला, कधीच फवारा न लागलेला कांदा किंवा मिरची असेल तर तिथली पिल्लं घेऊन तीच चाचणी करा. तिथली नव्वदच्या वर मरतात आणि प्लॉटमधली तीस-चाळीसच, तर औषधाचा डबाही ठीक आहे आणि मात्राही ठीक आहे. फरक किडीत आहे. दोन्हीकडची मरत नसतील तर आधी डब्यावर शंका घ्या.

एक सावधगिरी. नोव्हाल्युरॉनसारखी कात टाकण्यावर काम करणारी औषधं ४८ तासांत उत्तर देत नाहीत. कोबीवरच्या अळीची अशीच चाचणी क्लोरअँट्रानिलीप्रोलनं करताना तीन-चार दिवस द्या. अळी खाणं लगेच थांबवते, पण मरायला वेळ घेते.

किडीत नेमकं काय बदलतं

'कीड औषधाला सरावली' असं आपण म्हणतो, त्यातून गैरसमज होतो. एखादा थ्रिप्स औषध खाऊन खाऊन बळकट होत नाही. जो मरायचा तो मरतो. पण करोडोंच्या संख्येत काहींच्या जनुकांत आधीपासूनच एखादं अक्षर वेगळं असतं, ते वाचतात, आणि पुढची पिढी त्यांची होते. औषध प्रतिकार निर्माण करत नाही, निवडून काढतं. वॉशिंग्टन राज्यातले कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी १९१४ मध्येच विचारलं होतं की कीटक फवाऱ्याला प्रतिकारक होऊ शकतात का. त्यांच्यासमोर फळझाडांवरची सॅन होजे खवले कीड होती आणि औषध होतं चुना-गंधकाचं द्रावण. म्हणजे हा प्रश्न रासायनिक कीटकनाशकांच्या आजच्या पिढीपेक्षा जुना आहे.

संख्येचा अंदाज घ्या. कांदा १५ बाय १० सेंटिमीटरवर लावला तर एकरात साधारण २.७ लाख रोपं बसतात. रोपामागे ३० थ्रिप्स धरले तर एका एकरात ८० लाखांवर कीड झाली. दहा लाखांत एक म्हटलं की आपल्याला नगण्य वाटतं, पण इथे त्या हिशेबानंही एकरात आठ निघतात.

आता प्रतिकार कुठे बसतो ते बघू. पहिला प्रकार म्हणजे औषध जिथे चिकटतं तीच जागा बदलणं. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड औषधं किडीच्या मज्जातंतूतल्या सोडियम वाहिनीला धरतात. वाहिनी उघडीच राहते, कीड तडफडून मरते. ही वाहिनी म्हणजे एक लांबलचक प्रथिन, सुमारे दोन हजार अमिनो आम्लांची साखळी. त्यात १०१४ व्या जागी ल्युसिन असतं. तिथे फेनिलअॅलॅनिन आलं की औषधाची पकड सैल होते. घरमाशीपासून पिकांवरच्या कितीतरी किडींत हा बदल सापडला आहे. कांद्याच्या थ्रिप्समध्ये ९२९ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलेलं जपानमध्ये सापडलं. एवढ्या मोठ्या साखळीत एक मणी बदलला आणि सगळा पायरेथ्रॉइड गट निकामी झाला. कुलूप बदलल्यावर जुन्या किल्लीची चकचकीत नवी प्रत काढून काय उपयोग? डब्याचं नाव बदलून त्याच गटातलं औषध आणणं नेमकं तेच आहे.

स्पिनोसॅडचं तसंच. मातीतल्या सॅकरोपॉलिस्पोरा स्पिनोसा या जिवाणूपासून ते मिळतं, थ्रिप्सवर वर्षानुवर्षं हुकमी होतं. ते किडीच्या मज्जातंतूतल्या निकोटिनिक रिसेप्टरच्या अल्फा-६ या भागावर काम करतं. तिथे २७५ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं की स्पिनोसॅड चालत नाही. थ्रिप्स पामी आणि वेस्टर्न फ्लॉवर थ्रिप्स या दोन्हींत हा बदल नोंदलेला आहे. स्पिनोसॅड गेलं की त्याचा भाऊ स्पिनेटोरामही हातचा जातो, कारण दोघांची जागा एकच.

गिरणारे भागातल्या कोबीवाल्यांसाठी आणखी एक उदाहरण. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर डायअमाइड गट (क्लोरअँट्रानिलीप्रोल वगैरे) आला, तेव्हा सगळीकडे त्याचीच फवारणी झाली. फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये बाजारात आल्यावर जेमतेम दोन-तीन वर्षांत ते औषध ढिलं पडलं. रायनोडिन रिसेप्टर या प्रचंड मोठ्या प्रथिनात ४९४६ व्या जागचा एक बदल त्याला मुख्यतः कारणीभूत निघाला.

दुसरा प्रकार जास्त दगाबाज आहे. इथे औषधाची जागा तशीच राहते, पण कीड औषध पोटातच पचवून टाकते. पी-४५०, एस्टरेज, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज ही विकरं त्या कामाची. पीचवरच्या हिरव्या माव्यात एकाच एस्टरेज जनुकाच्या कित्येक प्रती तयार झाल्या आणि ऑर्गॅनोफॉस्फेट त्यांनी बांधून, तोडून निकामी केलं. घाटेअळीची गोष्ट तर थक्क करणारी आहे. तिच्या गुणसूत्रावर दोन पी-४५० जनुकं शेजारीशेजारी होती. पेशी विभागताना देवाणघेवाण वाकडी झाली आणि एकाचं तोंड, दुसऱ्याचं शेपूट जोडून तिसरंच जनुक तयार झालं. हे जोड-जनुक फेनव्हलरेट पचवतं. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ते उलगडलं. आपल्या टोमॅटोत आणि हरभऱ्यात येणारी हीच घाटेअळी.

दगाबाज अशासाठी म्हणतो की पचवणारं विकर गट बघत नाही. एका औषधामुळे निवडलं गेलेलं विकर, तुम्ही कधी वापरलंच नाही अशा दुसऱ्या गटातल्या औषधालाही तोडू शकतं. म्हणूनच नवंकोरं औषध पहिल्याच फवाऱ्यात ढिलं निघालं असं कोणी सांगितलं तर मी त्याला खोटं ठरवत नाही.

थ्रिप्समध्ये हे इतक्या झपाट्यानं का होतं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच.

बहुतेक किडींत नर-मादी दोघांकडेही प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. प्रतिकाराचं जनुक बऱ्याचदा अप्रभावी असतं: दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच कीड वाचते. एकच बदललेली असेल तर ती शिफारशीच्या मात्रेनं मरते. समजा अशी बदललेली प्रत हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती बदललेली कीड दहा लाखांत एक निघते. प्रतिकार वर यायला वेळ लागतो.

थ्रिप्समध्ये नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतात. त्यांच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. पिकांवरच्या लाल कोळ्यांमध्येही असंच. म्हणजे हजारात एक प्रत बदललेली असेल तर हजारात एक नर थेट प्रतिकारक. झाकून ठेवायला दुसरी प्रतच नाही. तो फवाऱ्यातून वाचतो, उरलेल्या माद्यांशी जुगतो आणि त्याच्या प्रत्येक मुलीत ते जनुक जातं. दहा लाखांचं अंतर हजारावर आलं.

कांद्याच्या थ्रिप्समध्ये जगात बऱ्याच ठिकाणी नर जवळपास दिसतच नाहीत. माद्याच माद्यांना जन्म देतात. तिथे प्रतिकारक मादीची लेक बाहेरच्या संवेदनशील नराशी जुगून जनुक पातळ व्हायचा मार्गच बंद होतो. वाचलेल्या एका मादीचं अख्खं गोत उभं राहतं.

मात्रेचा प्रश्नही इथेच सुटतो. कमी मात्रा किंवा अर्धवट कव्हरेज मिळालं की एकच प्रत बदललेल्या माद्याही वाचतात, म्हणजे जे जनुक अप्रभावी होतं ते व्यवहारात प्रभावी झालं. दुप्पट मात्रा केली तर? एकच प्रत असलेला प्रतिकारक नर आणि दोन्ही प्रती बदललेली मादी दुपटीलाही बहुतेक दाद देत नाहीत. मरतात ते ढालकिडे, ओरियस ढेकूण, परभक्षी कोळी, म्हणजे आपलीच माणसं. वर निर्यातीच्या द्राक्षात अवशेषाची मर्यादा ओलांडायची टांगती तलवार. लेबलवरची मात्रा, पूर्ण कव्हरेजसह. त्याच्या खालीही नाही आणि वरही नाही.

मग करायचं काय

डब्याचं नाव विसरा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं टेक्निकल, म्हणजे औषधातला मूळ घटक, वाचा आणि त्याचा गट क्रमांक काढा. कीटकनाशक प्रतिकार कृती समिती, ज्याला सगळे आयरॅक म्हणतात, तिनं प्रत्येक टेक्निकलला क्रमांक दिला आहे. काही डब्यांवर तो छापलेलाही असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट १बी. फिप्रोनिल २बी. सगळी पायरेथ्रॉइड ३ए. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, अॅसिटामिप्रिड ४ए. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोराम ५. अॅबामेक्टिन, इमामेक्टिन ६. डायफेनथियुरॉन १२ए. क्लोरफेनापीर १३. टोल्फेनपायरॅड २१ए. सायअँट्रानिलीप्रोल, क्लोरअँट्रानिलीप्रोल २८. अलीकडे आलेली ब्रोफ्लॅनिलाइड, फ्लुक्झामेटामाइड, आयसोसायक्लोसेरम ही ३०. फिप्रोनिल ज्या वाहिनीवर काम करतं तिथेच, पण वेगळ्या जागी. ही यादी गट समजण्यापुरती आहे. तुमच्या पिकाला लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मान्यता, कोणाचा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे त्या त्या वेळी बघूनच घ्या.

कॉम्बी औषधांत दोन टेक्निकल असतात, दोन्हींचे क्रमांक लिहा. थायामेथॉक्झाम आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन एकत्र असलेला डबा घेतला आणि तुमच्या प्लॉटवर पायरेथ्रॉइड आधीच मेलेलं असेल, तर पैसे दोघांचे दिले पण काम एकट्याचं चाललंय, आणि त्या एकट्यावरच सगळा ताण. मिश्रण तेव्हाच उपयोगी जेव्हा दोन्ही घटक स्वतंत्रपणे त्या किडीला मारतात.

आता फेरपालट. दर फवाऱ्याला गट बदला असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. पहिला फवारा ५ चा, पाच दिवसांनी १३ चा, पुढे २८ चा असं केलं तर एकाच पिढीतल्या किडीवर तिन्ही गटांची निवड एकदम चालते. तिघांना पुरून उरलेल्यांची पुढची पिढी तयार होते आणि हातात ठेवणीतलं काही राहत नाही. गट पिढीनुसार बदलायचा. एका पिढीच्या काळात एकच गट, लेबल जितकी परवानगी देतं तितके, जास्तीत जास्त दोन फवारे. पुढच्या पिढीवर दुसरा गट. पहिला गट मधली एक पिढी तरी सोडूनच परत.

पिढी किती दिवसांची? मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन आठवड्यांच्या आसपास, निफाडच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात महिन्याकडे झुकते. म्हणून कॅलेंडरवर पंधरा दिवसांची रेघ मारून भागत नाही. भिंगाखाली मोठी पिल्लं कमी होऊन पुन्हा बारीक पांढुरक्या पिल्लांची लाट आली की नवी पिढी धरा.

चाचणीत जो गट नापास झाला तो निदान त्या हंगामात पूर्ण बंद. प्रतिकाराच्या जनुकाची किडीला बऱ्याचदा किंमत मोजावी लागते: अंडी कमी, वाढ सावकाश. औषधाचा ताण काढला की अशी कीड हळूहळू मागे पडते आणि औषध काही प्रमाणात पुन्हा चालू लागतं. सगळ्याच बदलांना ही किंमत नसते, त्यामुळे परत वापरण्याआधी डब्यातली चाचणी पुन्हा करायची.

रोपांकडे कोणी बघत नाही, ते मला फार खटकतं. नर्सरीतून आलेल्या मिरचीच्या ट्रेमध्ये थ्रिप्स आणि त्यांची अंडी आलेलीच असतात, आणि नर्सरीत दर तीन-चार दिवसांनी फवारा पडतो. तुमच्या रानात एकही फवारा व्हायच्या आत निवडलेली कीड येऊन बसते. रोपं उचलताना नर्सरीवाल्या दादांना विचारा, शेवटचे फवारे कोणते झाले? ते क्रमांक तुमच्या वहीत पहिल्या ओळीत लिहा आणि लागवडीनंतर त्याच गटानं सुरुवात करू नका. कांद्याचं विकतचं रोप घेतानाही हेच.

फवाऱ्यांची संख्या कमी होणं हा प्रतिकारावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय, कारण फवारा नाही तर निवडही नाही. कांद्यात रोपामागे ३० थ्रिप्स ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. पाच-सात दिसले म्हणून टाकी भरू नका. लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी लावल्या तर प्रौढांना आडोसा होतो. तुषार सिंचनानं पातीवरची पिल्लं धुऊन जातात, ठिबक आणि मोकळ्या पाण्याच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसतो. निळे चिकट सापळे कीड मारण्यापेक्षा येणारी लाट कळण्यासाठी जास्त कामाचे. लेकॅनिसिलियम, बिव्हेरिया या बुरशी हवेत ओलावा असताना चालतात, आणि रसायनासाठी बदललेलं जनुक त्यांच्यापुढे सहसा कामाला येत नाही. पायरेथ्रॉइड मात्र थ्रिप्ससाठी हात राखूनच. मित्रकीटक तेच सगळ्यात आधी संपवतं.

मालेगाव, नांदगाव, येवल्याकडच्या कपाशीवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये, आणि दशकभरात गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवली. पाकिटासोबत येणारं बिगरबीटी बियाणं बांधाला लावायचं होतं ते याचसाठी: तिथल्या संवेदनशील पतंगांशी जुगून प्रतिकारक जनुकाची एक प्रत झाकलेली राहावी. ते बहुतेक ठिकाणी लावलंच गेलं नाही. अमेरिकेनं बीटी कपाशी, निर्बीज पतंग आणि काटेकोर देखरेख यांच्या जोरावर २०१८ मध्ये कपाशीच्या पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

एकट्यानं केलेली फेरपालट बांधापुरतीच टिकते. निदान पाण्याच्या एका पाटावरच्या, एका शिवारातल्या लोकांनी मिळून ठरवलं की या पिढीला अमुक गट, तर पंखवाले थ्रिप्स इकडून तिकडे गेले तरी त्यांच्यावर एका वेळी एकाच गटाचा ताण येतो. द्राक्षाच्या गटांमध्ये छाटणीच्या तारखा आपण एकमेकांना सांगतोच, तिथेच गट क्रमांकही सांगायला सुरुवात करता येईल.

चाचणीत दोन-तीन गट एकदम नापास झाले तर स्वतः आणखी प्रयोग करत बसू नका. पिंपळगाव बसवंतचं संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र, द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, कांद्यासाठी राजगुरुनगरचं संचालनालय, यांपैकी जिथे सोयीचं तिथे जा. जाताना जिवंत थ्रिप्स असलेली पात टिश्यूत गुंडाळून हवा असलेल्या पिशवीत न्या, उन्हात तापू देऊ नका. जात ओळखायला आणि जनुक तपासायला उपयोगी पडावेत म्हणून काही थ्रिप्स वेगळ्या छोट्या बाटलीत तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. सोबत वही: तारीख, टेक्निकल, गट क्रमांक, मात्रा, पाण्याचा पीएच, आणि डब्यातल्या चाचणीत पाण्यात किती मेली, औषधात किती.